प्रवासवहीतला देवमासा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

समुद्रकाठच्या प्रवासवहीवर, म्हणजे प्रवासात चित्रं काढायच्या वहीवर, गेल्या अंकात लिहिलं, त्यात देवमाशाचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा होता. त्यावर सगळ्यांत जास्त पत्रं आली ती नागपूरहून, म्हणजे जिथून कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही तिथून. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक उत्तरं इथे देत आहोत.

डिसेंबरात आम्ही श्रीलंकेत मिरिस्साला जातोय. बोटीवर देवमासा दिसला तर तिथल्या तिथे चित्र काढणं जमेल का? नातेवाइकांनी आणलेल्या फोटोंत तर पाण्यावर एक काळी रेघ सोडून काहीच दिसत नाही.
— एक वाचक, धरमपेठ

ती काळी रेघच काढायची आहे. बोटीवरून अख्खा प्राणी दिसत नाही. पाठीचा तुकडा, श्वासाचा फवारा आणि नशीब असेल तर शेपूट, एवढंच हाती लागतं. घरी येऊन पुस्तकातून पूर्ण देवमासा उतरवला, तर ते पुस्तकाचं चित्र होतं, तुमच्या प्रवासाचं नाही. वहीत आधी दिसलं तेवढं उतरवा. पूर्ण आकृती हवीच असेल तर ती शेजारच्या पानावर, वेगळी.

मिरिस्साजवळ किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अरुंद आहे आणि पाणी लवकरच खोल होतं. त्यामुळे निळे देवमासे तिथे किनाऱ्यापासून फार दूर न जाता दिसतात. निळा देवमासा वर येण्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी फवारा येतो, मग लांबच लांब पाठ सरकत राहते, आणि पाठ संपली असं वाटेपर्यंत पाठीवरचा पर दिसतच नाही. हा पर अगदी छोटा आणि शेपटीकडच्या शेवटच्या चतुर्थांशाच्या सुमाराला असतो. हंपबॅक या जातीच्या देवमाशाचं तसं नाही. त्याची पाठ आखूड दिसते, पर बुटका पण ठळक असतो आणि बुडी मारताना पाठीला कमानीसारखा बाक येतो. शेपटीची वाट बघत बसू नका. हंपबॅक ती खोल बुडीच्या वेळी बहुतेकदा वर काढतो, निळा देवमासा काही वेळाच काढतो, आणि ब्रायडीचा देवमासा ही आणखी एक जात जवळपास काढतच नाही.

निघण्यापूर्वी घरीच वहीच्या दोन-तीन पानांवर पेन्सिलीने सहा बाय चार सेंटीमीटरच्या चौकटी आखून ठेवा, एका पानावर चार. प्रत्येक चौकटीत आधीच क्षितिजाची रेघ मारा. देवमासा वर असेल तेव्हा काढू नका, फक्त बघा. तो काही श्वास घेऊन खोल गेला की बहुधा दहा-एक मिनिटं मोकळी मिळतात. त्या वेळात आठवणीतून एक चौकट भरा आणि खाली वेळ, आभाळ कसं होतं आणि पाण्याचा रंग शब्दांत लिहा: ‘शाईसारखं निळं, उजवीकडे चांदी’. रंग घरी गेल्यावर.

मान खाली घालून सलग काढत राहिलं की बोट लागते. अर्धा मिनिट वही, मग पुन्हा क्षितिज, असं करा. साहित्यात पाण्यात विरघळणारी एक ग्रॅफाइट पेन्सिल, पाणी भरलेला वॉटरब्रश आणि पान धरायला दोन क्लिपा पुरे. वॉटरब्रशमध्ये पिण्याचं पाणीच भरा. समुद्राचं पाणी वापरलं तर मीठ कागदात राहतं आणि नागपूरच्या पावसाळ्यात ते पान पुन्हा पुन्हा दमट होतं.

सराव कुठे करायचा, असंही तुम्ही विचारलं आहे. शहराबाहेरच्या एखाद्या तळ्यावर दुपारी म्हशी डुंबत असतात तिथे जा. ओली काळी पाठ, तिच्यावर आभाळाची पांढरट पट्टी, पाण्याला टेकते तिथली तुटक चमकती कड: देवमाशाच्या पाठीचे प्रश्न नेमके हेच आहेत, आणि म्हैस तासभर एका जागी राहते.

निळा देवमासा काढला की मोठा वाटतच नाही. दोन पानांवर काढूनही मासोळीच दिसते.
— महाल येथून दोन पत्रं

मोठेपणा शेजारच्या वस्तूमुळे दिसतो, आणि त्यासाठी माप धरून काढावं लागतं. ए-फाइव्ह वही उभी धरून उघडली की दोन पानांची मिळून रुंदी २९.६ सेंटीमीटर होते. एक मीटरला एक सेंटीमीटर धरा. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा जो सांगाडा टांगला आहे तो २५.२ मीटरचा आहे. या मापाने तो तुमच्या उघड्या वहीत बसतो आणि दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटीमीटर पाणी उरतं. त्याच मापाने माणूस पावणेदोन सेंटीमीटरचा, नाक ते शेपटीचं टोक धरून पेंचचा वाघ तीन सेंटीमीटरच्या आतबाहेर, आणि बारा मीटरची बस बारा सेंटीमीटरची. यांतलं एकच काहीतरी खालच्या कोपऱ्यात काढा. तिन्ही काढले तर तक्ता होतो.

आकृती लांब आणि सडपातळ ठेवा. २५ सेंटीमीटर लांबीला सर्वांत जाड ठिकाणी साडेतीन सेंटीमीटर उंची पुरते. डोकं साधारण पहिला चतुर्थांश व्यापतं. बाजूचा वल्ह्यासारखा पर तीन सेंटीमीटरच्या आसपास, आणि शेपटीची रुंदी सहा सेंटीमीटर. पण कुशीवरून पाहताना ती रुंदी दिसत नाही, नुसती पातळ पात दिसते. डोळा टिंबाएवढाच काढा. डोळा मोठा झाला की पाहणारा तोच माप धरतो आणि प्राणी लगेच लहान होतो. मासोळी दिसण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा हेच असतं.

दोन पानांच्या मधल्या शिवणीत डोळा किंवा पराचं मूळ येऊ देऊ नका. शिवणीत रंग साचून गडद पट्टा पडतो. तिथे कोरी सपाट पाठच येईल अशी आकृती एखाद-दोन सेंटीमीटर सरकवा.

मी नववीत आहे. माझा देवमासा फुग्यासारखा गोल होतो आणि शेपूट माशासारखी होते. सर म्हणतात चुकलं, पण काय चुकलं ते कळत नाही.
— एक विद्यार्थिनी, हुडकेश्वर

तुझ्या दोन्ही अडचणी जुन्या आहेत. पूर्वी युरोपात चित्रकार किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या देवमाशांवरून चित्रं काढत. मेल्यावर आत वायू साचून शरीर फुगतं, आणि तो फुगलेला आकार पुढे गोष्टींच्या पुस्तकांत उतरला. जिवंत निळा किंवा ब्रायडीचा देवमासा पाण्यात लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. भक्ष्य गिळताना मात्र त्याचा गळा खरोखर फुगतो, पण तेव्हा जबडाही उघडलेला असतो.

माशाची शेपूट उभी असते आणि ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते. म्हणून तू कुशीवरून काढत असशील तर शेपूट पसरलेली दिसणार नाही. ती पसरलेली बघायची तर मागून बघावी लागते.

आता असं कर. आधी एक लांब, किंचित वाकलेली मधली रेघ काढ. तिचे चार सारखे भाग कर. पहिला भाग डोकं. तोंडाची रेघ नाकाडापासून निघून डोळ्याच्या खाली येऊन वळते, म्हणजे डोळा अगदी खाली, तोंडाच्या कोपऱ्याजवळ येतो, कपाळावर नाही. गळ्यावरच्या घड्या हनुवटीपासून बेंबीपर्यंत जातात. त्या सरळ पट्टीने मारू नकोस, पोटाच्या गोलाईबरोबर वळव. हंपबॅकला त्या साधारण १२ ते ३६ असतात. एका कुशीवर दहा-बारा काढल्यास तरी पुरे. निळ्या देवमाशाला त्याहून खूप जास्त असतात, तिथे मोजू नकोस, बारीक पेनाने सुचव. रंगवायला शाळेचा पोस्टर कलर चालेल, पण काळ्यात पांढरा मिसळून राखाडी करू नकोस. त्याचं कारण पुढच्या प्रश्नोत्तरात आहे.

काळा आणि पांढरा मिसळून राखाडी केला की देवमासा पाटीसारखा निर्जीव दिसतो. कोणते रंग घ्यावेत?
— प्रतापनगर

काळा ट्यूबमधून बाहेरच काढू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, एवढ्या दोन रंगांत देवमाशाचे सगळे राखाडी निघतात. दोन भाग अल्ट्रामरीनला एक भाग सिएना घेतला की थंड, निळसर राखाडी होतो. दोन्ही सारखे घेऊन पाणी कमी ठेवलं की जवळजवळ काळा होतो आणि तरी तो मेलेला दिसत नाही. खरखरीत कागदावर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसतात, त्याने कातडीला आपोआप पोत येतो. जलरंग वाळल्यावर एक छटा फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. वड्यांच्या विद्यार्थी पेटीत रंगद्रव्य कमी आणि भराव जास्त असतो. तिने हा गडदपणा येत नाही. निदान हे दोन रंग कलाकार दर्जाच्या ट्यूबमध्ये घ्या. कॅमलच्याही त्या दर्जाच्या ट्यूब मिळतात.

पाण्याखालचा भाग वेगळाच रंगवायचा असतो. प्रकाश पाण्यात शिरला की लाल भाग सर्वांत आधी शोषला जातो. त्यामुळे पाण्याखालच्या कातडीत सिएनाचा तांबूसपणा उरत नाही. तिथे थॅलो निळा आणि अगदी थोडा व्हिरिडियन हिरवा घ्या. निळा देवमासा पृष्ठभागाच्या जरा खाली असताना फिकट हिरवट-निळा चमकतो तो याच कारणाने. हंपबॅकच्या लांब परांची पांढरी बाजूही पाण्याखाली पांढरी रंगवू नका, तीही हिरवट निळी. पाण्यावरची कड धारदार ठेवा, पाण्याखालची विरघळलेली. दोन्ही कडा सारख्या धारदार झाल्या की प्राणी पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो.

एक धोका आहे. थॅलो कागदाला डाग पाडतो, तो नंतर उचलला जात नाही. ज्या जागी नंतर ओल्या ब्रशने रंग उचलून ठिपके किंवा फेस काढायचा असेल, तिथे अल्ट्रामरीनच ठेवा. निळ्या देवमाशाच्या अंगावरचे फिके डाग असेच काढतात. वॉशची, म्हणजे भरपूर पाण्यात कालवून दिलेल्या पातळ थराची, चमक जाऊ लागली की चार नंबरचा ब्रश पिळून नुसता ओलसर करा, टेकवा, लगेच टिश्यूने टिपा. चमक पूर्ण गेल्यावर टेकवलात तर कडेला काळपट वर्तुळ उरतं.

एप्रिल-मे मध्ये समुद्राचा मोठा वॉश टाकायला घेतला की अर्धा भाग वाळून जातो, मध्ये रेघा पडतात, फुलकोबीसारखे डाग येतात. आपल्या उन्हाळ्यात हे जमतच नाही का?
— मानेवाडा, खामला आणि सदर येथून

पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी, अशा वेळी पुस्तकात लिहिलेल्या वेळा नागपूरला लागू पडत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत जो वॉश पाच-सात मिनिटं ओला राहतो, तो इथे दीड-दोन मिनिटांत जातो. रेघ पडते ती वाळलेल्या कडेला नवा रंग भिडल्यामुळे. फुलकोबी होते ती अर्धवट वाळलेल्या रंगात जास्त पाण्याचा थेंब पडल्यावर. तो थेंब रंगद्रव्य बाहेर ढकलतो आणि त्याची कातरलेली कड वाळते.

कागदापासून सुरुवात करा. १५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) स्केचबुकं इथे उपयोगाची नाहीत. ३०० जीएसएमचा सुती कागद पाणी पोटात धरून ठेवतो, म्हणून जास्त वेळ देतो. हातकागद बघायला छान असतो, पण त्याला सरस कमी असेल तर तो टिपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. विकत घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. अर्ध्या मिनिटात आत गेला तर वॉशसाठी नको.

मग पाणी. रंग देण्याआधी कोरा भाग स्वच्छ पाण्याने भिजवा, एक मिनिट मुरू द्या, पुन्हा भिजवा. पहिलं पाणी कागद पितो, दुसऱ्यावर तुम्ही काम करता. बांधलेल्या वहीत पानाखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवा, म्हणजे ओल पुढच्या पानात उतरत नाही. रंग लागणार आहे त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा, मध्येच संपला की रेघ ठरलेली. ब्रश मोठा हवा, एक इंची चपटा. शंभर मिलीलीटर पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घातले की वाळणं लांबतं. त्याहून जास्त घातलं तर पान दिवसभर चिकट राहतं आणि समोरच्या पानाला चिकटतं. पावसाळ्यात ग्लिसरीन अजिबात नको.

कूलरच्या खोलीत बसा, पण झोतात नको. खोलीतली ओल उपयोगाची, झोत घातक. पंखा बंदच. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मोठा वॉश उरकावा आणि बारीक काम दुपारी करावं.

आणि मास्किंग फ्लुइड, म्हणजे कोरी ठेवायची जागा झाकणारा रबरी द्रव, उन्हाळ्यात लावूच नये असं आमचं मत आहे. उष्णतेने ते कागदात घट्ट बसतं आणि काढताना कागदाचा थर सोलून आणतं. लावायचंच असेल तर ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा आणि वॉश वाळला की त्याच तासात फ्लुइड काढा. मिठाचे दाणे टाकून फेसाचा पोत आणण्याची युक्तीही इथे फसते. मीठ विरघळून रंग ओढायला लागतं तोवर वॉश वाळलेला असतो.

फवारा रंगवल्यावर कारंजं वाटतं. पांढरा रंग द्यावा की कागद सोडावा?
— वर्धमाननगर

कागद सोडा. फवारा म्हणजे पाण्याची धार नाही, फुप्फुसातून जोराने सुटलेला ओलसर श्वास आहे. म्हणून वर जाताना तो विरतो, धारेसारखा वळून खाली पडत नाही. निळ्या देवमाशाचा उंच आणि सरळ, नऊ मीटरपर्यंत जातो. आपल्या मापाने नऊ सेंटीमीटर. हंपबॅकचा बुटका आणि पसरट. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे कललेला, कारण त्याचं एकच नाकपुडीचं छिद्र डोक्याच्या पुढच्या टोकाला डाव्या बाजूला असतं. राइट व्हेलचा समोरून किंवा मागून पाहिला तर दुभंगलेला.

आभाळ भिजवून फिका राखाडी वॉश टाका, आणि तो ओला असतानाच कोरड्या टिश्यूच्या चुरगळलेल्या टोकाने खालून वर फवारा टिपून घ्या. खालचं टोक अरुंद, वरचं मोकळं. मागे काही गडद नसेल तर पांढरा फवारा दिसणारच नाही. त्यासाठी क्षितिजाजवळ लांबच्या डोंगराची किंवा ढगाची एक गडद पट्टी ठेवा. सगळं वाळल्यावर विसरलेला फवारा दुरुस्त करायचा असेल तरच पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग), जवळजवळ कोरड्या ब्रशवर, फटकाऱ्याने.

इंटरनेटवरच्या फोटोंवरून काढलं तर चालतं का? पानावर देवमासा उजवीकडे तोंड केलेला हवा असतो, फोटोत डावीकडे असतो, म्हणून मी फोटो उलटा करून घेतो.
— चित्रकलेचा विद्यार्थी, नंदनवन

सरावाला चालतं, पानाखाली ‘फोटोवरून’ असं लिहा आणि प्रदर्शनात ठेवायचं असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घ्या. उलटा करणं मात्र सोडा. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो. फोटो उलटा केला की जगात नसलेला प्राणी तयार होतो. स्पर्म व्हेलचा फवाराही उलटून उजवीकडे जातो. हंपबॅकच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, अभ्यासक त्यावरूनच एकेक प्राणी ओळखतात. ती उलटवलीत की तो ‘तो’ राहत नाही. नक्षी मनाने सजवूही नका. दिशा बदलायची असेल तर दुसऱ्या बाजूने घेतलेले फोटो शोधा. ब्रायडीचा देवमासा काढताना डोक्यावरचे तीन समांतर कणे दिसतील असा, जरा वरून घेतलेला फोटो निवडा. तो कोकणच्या समुद्रातलाही आहे, आणि त्या तीन कण्यांखेरीज तो दुसऱ्या देवमाशांहून वेगळा दाखवणं कठीण.

हंपबॅकच्या डोक्यावरच्या गाठी आणि अंगावरचे पांढरे चट्टे कसे?
— रामदासपेठ

गाठींना गोल बाह्यरेषा काढू नका. प्रत्येकीला खालून छोटी अर्धचंद्र सावली आणि वर ठिपकाभर उजेड, झालं. त्या जबड्यावर आणि नाकाडावर ओळीने असतात, अंगभर नाहीत. बार्नॅकलचे (कातडीला चिकटून राहणाऱ्या कवचवाल्या छोट्या प्राण्यांचे) चट्टे हनुवटीवर, परांच्या पुढच्या कडेवर आणि शेपटीच्या टोकांवर दाट असतात. जुन्या टूथब्रशवर पांढरा गुआश घेऊन शिंपडा, बाकी भाग कागदाने झाकून.

पावसाळ्यात वहीची पानं एकमेकांना चिकटतात, कधी बुरशी येते.
— गोधनी रोड

गुआशचा जाड थर आणि ग्लिसरीन, दोन्ही दमट हवेत मऊ होतात. प्रत्येक रंगवलेल्या पानावर बटर पेपर ठेवा. वही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पण डब्यात घालण्याआधी पान पूर्ण वाळलेलं हवं. हाताला गार लागत असेल तर ते आतून अजून ओलं आहे. वड्यांची पेटी काम झाल्यावर रात्रभर उघडी ठेवून मग बंद करा, बुरशी बहुतेकदा तिथूनच येते. वाकलेलं पान उलटं करून वर किंचित ओलसर सुती कापड घाला, मंद इस्त्री फिरवा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. ज्या पानावर गुआश आहे त्यावर इस्त्री करू नका.